पहिलं पेडल बनवायचंय : यादी हातात आहे, पण सुटे भाग निवडायचे कसे?

बेसुरा | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं गिटार वाजवतोय (आयडीवरून अंदाज आलाच असेल). इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध म्हणाल तर शाळेत बॅटरीवर बल्ब लावला होता, तेवढाच. आता डोक्यात घेतलंय की स्वतःचं ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी डबी) स्वतः बनवायचं. ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ चा आराखडा मिळाला, सोबत चाळीसहून जास्त भागांची यादी मिळाली. सोल्डरिंग गन उसनी आणली. इथपर्यंत सगळं झकास.

मग एका मोठ्या वितरकाच्या साइटवर यादीतली पहिली वस्तू शोधली : १० के रेझिस्टर. हजारो निकाल आले. पाव वॅट, अर्धा वॅट, कार्बन, मेटल फिल्म, १ टक्का, ५ टक्के, आणि काही तर मुंगीएवढे. अर्धा तास बघून लॅपटॉप मिटला.

तर प्रश्न असे. यादीत लिहिलंय तेच आणि तसंच घ्यायला हवं का? ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शंभर प्रकारचा दिसतो, त्यातला कुठला? ‘जेआरसी ४५५८डी’ हीच चिप हवी असं सगळे म्हणतात, ती मिळाली नाही तर? आणि सगळं एकाच ठिकाणाहून घ्यावं की तुकड्यातुकड्यानं?

---

कथलाचा_वाळा | सोमवार, रात्री ११:३७

बेसुरा, स्वागत. आधी एक सांगतो, पटलं तर घ्या : पहिलं पेडल ट्यूब स्क्रीमर करू नका. एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर (नुसता आवाज वाढवणारं पेडल) करा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ शोधा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं सर्किट आहे. चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर, एक पॉट (नॉबने फिरवायचा, कमीजास्त होणारा रेझिस्टर), बास. चुकलं तर चूक दहा मिनिटांत सापडते. चाळीस भागांत चूक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. शिवाय स्विच, जॅक, डबी यांची वायरिंग दोन्हींत तीच, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

आता यादीबद्दल. यादीतली प्रत्येक ओळ सारख्या वजनाची नसते, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून नवखा माणूस रेझिस्टरवर अर्धा तास घालवतो आणि पॉट डोळे मिटून मागवतो. व्हायला पाहिजे नेमकं उलटं.

रेझिस्टर : पाव वॅट, मेटल फिल्म, १ टक्का, लांब पायांचे. कुठल्याही कंपनीचे. विषय संपला. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये पाव वॅटसुद्धा भरपूर झाला. मुंगीएवढे दिसले ते थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवायचे, ते तुमच्यासाठी नाहीत. मेटल फिल्मवर बहुधा पाच पट्टे असतात. १०० के म्हणजे तपकिरी, काळा, काळा, नारिंगी, तपकिरी. निळ्या अंगावर तपकिरी आणि लाल पट्टा पिवळ्या दिव्याखाली मला तरी आता ओळखू येत नाही. प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मल्टिमीटर नसेल तर गनच्याही आधी तो घ्या.

कपॅसिटर : पिकोफॅरडवाले सिरॅमिक (सी०जी प्रकार मिळाला तर उत्तम), नॅनोफॅरडवाले फिल्मचे चौकोनी डबीसारखे, आणि १ मायक्रोच्या वरचे इलेक्ट्रोलिटिक. फिल्मचे घेताना दोन पायांमधलं अंतर ५ मिलिमीटर बघा आणि व्होल्टेज ५०, ६३ किंवा १०० असं काहीतरी. मी पहिल्या वेळी ‘जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त चांगलं’ या हिशेबाने ४०० व्होल्टचे मागवले होते. आले तेव्हा बोर्डापेक्षा कपॅसिटर मोठे. नाकापेक्षा मोती जड. आजही एका खोक्यात पडून आहेत.

अंगावर आकडा असतो तो वाचायला शिका. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. म्हणजे १,००,००० पिको, म्हणजेच १०० नॅनो, म्हणजेच ०.१ मायक्रो. तिन्ही एकच. यादीत एकाने नॅनो लिहिलं आणि दुकानाने मायक्रो लिहिलं की नवखा गांगरतो. तुमचा ०.०४७ म्हणजे ४७ नॅनो म्हणजे ४७३. शेवटी जे असेल तर ५ टक्के, के असेल तर १० टक्के.

उरलेलं उद्या लिहितो, डोळे मिटायला लागलेत.

---

खर्ज | मंगळवार, सकाळी ७:१५

बूस्टरला +१. पण वाळासाहेब, नवख्या माणसाला सुटे भाग गोळा करायला का लावताय? सरळ किट घ्या. भाग मोजून येतात, बोर्डावर नावं छापलेली असतात, डबीला भोकं पाडलेली. मी पहिली तीन पेडलं किटचीच केली आणि तिन्ही पहिल्या फटक्यात वाजली. सुटे भाग गोळा करणं हा वेगळा छंद आहे, त्यात पेडल बनत नाही, खोकी भरतात.

आणि बेसुरा, ‘हीच चिप, तोच डायोड’ वगैरे जे वाचताय त्यातलं निम्मं दंतकथा समजा. मी बास वाजवतो, माझे कान खालच्या अंगाचे आहेत हे मान्य. पण डोळे बांधून ऐकवलं तर भले भले गप्प होतात.

---

कथलाचा_वाळा | मंगळवार, दुपारी १:०५

खर्ज, किटबद्दल वाद नाही, ज्याला लवकर वाजवायचंय त्याने जरूर घ्यावं. पण बेसुराचा प्रश्न ‘निवडायचे कसे’ असा आहे. किटमधलं एक गेलं की पुन्हा हाच प्रश्न दारात.

कालचं पुढे. खरा पैसा आणि खरी डोकेदुखी रेझिस्टरमध्ये नसते, ती असते लोखंडी-पितळी सामानात : पॉट, फूटस्विच, जॅक, डबी. कारण इथे प्रश्न मापाचा आहे.

पॉट १६ मिलिमीटर व्यासाचे घ्या. २४ वाले गिटारच्या आत शोभतात, लहान डबीत जॅकला टेकतात. अक्षर बघा : बहुतेक पेडलवाल्यांकडे ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर, सी म्हणजे उलटा लॉग. ‘बहुतेक’ म्हणतोय कारण जुन्या युरोपीय मालावर ए चा अर्थ लिनियर असतो. शंका आली तर पॉट बरोबर मध्यावर फिरवा आणि पहिल्या व मधल्या पायात मोजा. १०० के लिनियर असेल तर ५० च्या आसपास दाखवेल, लॉग असेल तर १० ते १५ के. आवाजाच्या पॉटला लिनियर लावला तर पेडल बंद पडत नाही, फक्त सगळा आवाज पहिल्या पाव वळणात येतो आणि पुढे फिरवून काही होत नाही.

दांडीही बघा. काही पॉटची दांडी गुळगुळीत आणि पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तिला बाजूने स्क्रू कसायची नॉब लागते. काहींची ६ मिलिमीटरची खाचेदार, तिची नॉब दाबून बसते. एकाची नॉब दुसऱ्याला चालत नाही. नॉब आणि पॉट एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घ्या.

फूटस्विच नऊ पायांचा, ज्याला थ्रीपीडीटी म्हणतात. तीन पायांचे तीन संच : दोन संच आवाज वळवायला, तिसरा एलईडीला. त्याच्या पायावर गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. हा दोष फार छळतो.

जॅक : आत जाणारा स्टिरिओ, बाहेर येणारा मोनो. गिटार मोनो असताना स्टिरिओ कशाला, असं मलाही वाटायचं. बॅटरीची काळी वायर स्टिरिओ जॅकच्या मधल्या कड्याला जोडतात. मोनो पिन आत गेली की कडं आणि जमीन (ग्राउंड) जोडली जातात आणि पेडल सुरू होतं. पिन काढली की बॅटरी सुटते. स्विच न लावता स्विच.

डबी १५९०बी या मापाची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर. प्लॅस्टिकची नको, गुणगुण पकडते. पत्र्याची जुनी डबी चालेल, जमीन तिला जोडा म्हणजे झालं.

हे सगळं पेडलचं सामान ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या, कारण तिथे ही मापं एकमेकांना जुळलेली असतात. ट्रान्झिस्टर-चिपा अधिकृत वितरकाकडून. माउझर, डिजि-की यांच्यासारख्यांकडे माल थेट कारखान्याकडून येतो. लिलावाच्या साइटवरून रेझिस्टर, वायर, एलईडी खुशाल घ्या. चिपा घेऊ नका.

---

बेसुरा | मंगळवार, रात्री ९:२०

वाळेकाका, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली. बूस्टरचं पटलं, तोच आधी. पण ओव्हरड्राइव्हचं सामानही आत्ताच मागवून ठेवतो, दोनदा पार्सलचा खर्च नको. आज रात्री ऑर्डर टाकतोच!

---

कथलाचा_वाळा | मंगळवार, रात्री ९:४१

काका नको हो, अजून चष्मा फक्त सोल्डरिंगलाच लागतो. आणि आज रात्री नको, यादी इथे टाका, दोघे-तिघे नजर फिरवतील.

---

बेसुरा | बुधवार, सकाळी ८:०२

टाकली हो ऑर्डर... 🙈

---

झिणझिण्या | बुधवार, दुपारी ४:३३

धागा छान चाललाय, मध्येच घुसते. मला फझ (आवाज आणखी फाटका करणारं पेडल) बनवायचाय, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, फझ फेससारखा. त्यात तर दोनच ट्रान्झिस्टर. म्हणजे बूस्टरनंतर सोपाच ना? आणि वाळा, लिलावाच्या साइटला एवढा विरोध का? जर्मेनियम तर तिथेच दिसतात.

---

कथलाचा_वाळा | बुधवार, रात्री १०:१०

दोन ट्रान्झिस्टर म्हणून सर्किट लहान, पण सोपं नाही. १९६६ च्या फझ फेसमध्ये जर्मेनियम होते. हे पीएनपी, म्हणजे जमीन धन बाजूला. बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीत जोडलं की शॉर्ट. त्यात प्रत्येक नगाचा गेन (आवाज किती पट वाढवतो ते) वेगळा, गळती वेगळी, आणि खोली तापली की आवाज बदलतो. विकणाऱ्याने गेन आणि गळती मोजून जोडी लावून दिली असेल तरच घ्या. तशा जोड्या देणारे पेडलवाले आहेत, महाग पडतात, पण दहा सुटे घेऊन दोन कामाचे निघण्यापेक्षा स्वस्त. नाहीतर सिलिकॉनवर करा. पुढे फझ फेससुद्धा सिलिकॉनच्या बीसी१०८ वर बनायला लागला होता आणि त्याचेही भक्त काही कमी नाहीत.

विरोधाचं कारण : माझं आयडी जिथून आलं ती म्हण. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चिपेवरचं नाव खरडून दुसरं छापणं अवघड नाही. मी एकदा २० जे२०१ घेतले होते. जे२०१ हा एफईटी, म्हणजे एक वेगळ्या प्रकारचा ट्रान्झिस्टर, पाय घालून बसवायच्या रूपात त्याचं उत्पादन जवळजवळ थांबलंय, त्यामुळे मागणी जास्त. आले त्यातला एकही जे२०१ सारखा वागेना. त्याऐवजी पृष्ठभागावर बसवायचा एमएमबीएफजे२०१ घ्यावा आणि तो छोट्या अ‍ॅडॅप्टर बोर्डावर चढवावा. तसे चढवलेलेही विकत मिळतात.

---

खर्ज | बुधवार, रात्री १०:२८

जर्मेनियम डायोडचंही तेच. जर्मेनियमचा १एन३४ए म्हणून शॉटकी हा दुसऱ्याच प्रकारचा डायोड खपवतात.

---

नवव्होल्ट | गुरुवार, सकाळी ११:४६

खर्ज, ते मीटरने पटकन कळत नाही हीच मेख आहे. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर १एन४१४८ हा साधा सिलिकॉन डायोड साधारण ०.६ दाखवतो, जर्मेनियम ०.२ ते ०.४ मध्ये कुठेतरी, आणि शॉटकीही तिथेच घुटमळतो. पण काचेच्या नळीत भिंगातून बघा : खऱ्या जर्मेनियममध्ये बारीक, वाकडी तार एका तुकड्यावर टेकलेली दिसते. मांजराच्या मिशीसारखी. ती दिसली नाही तर पैसे परत मागा.

बेसुरा, ऑर्डर टाकलीच आहे तर एक सांगा, चिपेचा पूर्ण क्रमांक काय टाकला होतात? शेवटच्या अक्षरासकट.

---

बेसुरा | गुरुवार, दुपारी १२:३०

आरसी४५५८डी. सगळे ‘४५५८डी, ४५५८डी’ म्हणतात म्हणून मुद्दाम डी वालाच घेतला. अधिकृत वितरकाकडून, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. यावेळी तरी बरोबर ना?

---

नवव्होल्ट | गुरुवार, दुपारी १२:४१

अरेरे.

चूक तुमची नाही, ती कंपन्यांची गंमत आहे. जेआरसीच्या क्रमांकात शेवटचा डी म्हणजे आठ लांब पायांची डिप चिप, जी भोकात बसते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे तोच डी म्हणजे पृष्ठभागावर बसणारी छोटी. त्यांच्याकडे डिप हवी तर शेवटी पी लागतो : आरसी४५५८पी. टीएल०७२ या तशाच दुसऱ्या चिपेचंही तसंच. टीएल०७२सीपी घ्या, सीडी नाही.

यापुढे वितरकाच्या साइटवर शोधताना वस्तूचं नाव टाकून निकाल चाळत बसू नका, गाळण्या लावा. आधी ‘साठ्यात आहे’. मग ‘थ्रू होल’, म्हणजे पाय भोकात घालून बसवायचे. इथेच तीन चतुर्थांश कचरा जातो. मग चिपेला डिप-८, फिल्म कपॅसिटरला पायांतलं अंतर ५ मिलिमीटर, रेझिस्टरला पाव वॅट आणि १ टक्का. मग किमान नग किती ते बघा. काही माल फक्त हजारोंच्या रिळात विकतात. उरलेल्यांतला स्वस्तातला उचला. फोटोवर विश्वास ठेवू नका, तो बरेचदा नमुन्याचा असतो. माहितीपत्रक उघडून शेवटच्या पानांवरची मापं बघा.

आणखी एक सवय : दर वेळी नेहमी लागणाऱ्या मूल्यांचे रेझिस्टर दहा-दहा नग घ्यायचे. १ के, ४.७ के, १० के, ४७ के, १०० के, १ मेग. कपॅसिटर १० नॅनो, ४७ नॅनो, १०० नॅनो. दोन-तीन ऑर्डरींत घरातच निम्मं दुकान होतं. खर्ज म्हणतात तशी खोकी भरतात, पण रात्री अकरा वाजता एका रेझिस्टरसाठी काम अडत नाही.

---

बेसुरा | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:१८

पार्सल आलं. चिप खरंच तांदळाच्या दाण्याएवढी आहे, पाय मोजायला भिंग लागलं. बाकी हिशेब : रेझिस्टर ठीक. कपॅसिटर ठीक (वाळेकाकांची कृपा). टोनचा पॉट २० के मिळालाच नाही, २५ के लिनियर घेतला. लहान चिपेचं काय करू? फेकू?

---

नवव्होल्ट | शनिवार, संध्याकाळी ७:००

फेकू नका. छोटा अ‍ॅडॅप्टर बोर्ड मिळतो, त्यावर चढवून डिपसारखी वापरता येते. पण पहिल्याच वेळी हा उद्योग नको, चार डिपवाल्या मागवा आणि सोबत आठ पायांचे सॉकेट. चिप कधीच थेट सोल्डर करू नका. सॉकेट असलं की ४५५८ काढून टीएल०७२ लावून बघता येतं. दोन ओपॅम्प (आवाज वाढवणारी सर्किटं) असलेल्या या आठपायी चिपांची पायरचना सारखीच असते : आठवा पाय धन, चौथा जमीन. एकच ओपॅम्प असलेल्या, म्हणजे ७४१ किंवा टीएल०७१, वेगळ्या. त्या अदलाबदल करून लावू नका.

टोनला २५ के लिनियर चालेल. मूळ पॉटचा वळणक्रम विचित्र आहे, बरेच जण २० किंवा २५ के लिनियरच लावतात. नॉबच्या एका टोकाला थोडी गर्दी वाटेल, इतकंच.

---

खर्ज | शनिवार, रात्री ८:४४

बघा, ‘तेच आणि तसंच’ कुठे गेलं?

---

नवव्होल्ट | शनिवार, रात्री ९:०५

खर्ज, सगळंच चालतं असंही नाही. यादीत काही भाग आवाज ठरवतात, काही नुसते आपलं काम करतात. ट्यूब स्क्रीमरमध्ये ४.७ के आणि ०.०४७ मायक्रो ही जोडी घ्या. दोघं मिळून ७२० हर्ट्झची रेघ आखतात. तिच्याखालचा खर्ज कमी विकृत होतो आणि म्हणून त्या पेडलचा मधला सूर पुढे येतो. (तुमच्या बासला ते का मानवत नाही, तेही कळेल.) कपॅसिटर १० टक्के इकडेतिकडे असला तर रेघ ६५५ ते ८०० च्या मध्ये सरकते. कान फारसा ओळखत नाही. पण घाईत ४७३ ऐवजी ४७४ उचललात, तर रेघ ७२ हर्ट्झवर जाते आणि पेडल चिखलासारखं वाजतं.

उलट, वीजपुरवठ्यावरचा ४७ मायक्रो घ्या, ४७ असो की १००, कुणाला कळत नाही. तीच गोष्ट एलईडीच्या रेझिस्टरची. ४.७ के लावा, नाहीतर जवळ जे आहे ते; तो फक्त दिवा किती डोळ्यात खुपतो ते ठरवतो.

डायोडबद्दल मात्र मी खर्जच्या बाजूची. १एन९१४ लिहिलं असेल तर १एन४१४८ लावा आणि झोपा.

---

बेसुरा | रविवार, रात्री ११:१५

बूस्टर झाला! म्हणजे जोडून झाला, वाजत नाही. म्हणजे वाजतो, पण पेडल बंद असताना जेवढा आवाज येतो त्याहून कमी येतो, आणि पातळ. बूस्टरच्या नावाला बट्टा. सगळं चार वेळा तपासलं. ट्रान्झिस्टर यादीत २एन५०८८ होता, मिळाला नाही म्हणून बीसी५४७ घेतला, चालेल असं एका ठिकाणी वाचलं होतं. तो बनावट असेल का?

---

कथलाचा_वाळा | रविवार, रात्री ११:३१

बनावट नाही, बीसी५४७ ची नक्कल करून कुणाचं पोट भरणार?

बॅटरी लावा, गिटार काढा पण पिन आत राहू द्या. मीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी जमिनीला. ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवर काय दिसतं ते लिहा. आणि ट्रान्झिस्टर कुठल्या तोंडाने बसवलाय? सपाट बाजू आराखड्यातल्यासारखी?

---

बेसुरा | रविवार, रात्री ११:५०

हो, अगदी आराखड्यात दाखवलीय तशीच सपाट बाजू. १० के जिथे जोडलाय तिथे ८.६ व्होल्ट. मधल्या पायावर ०.६ च्या आसपास. ३९० ओहमच्या टोकाला जवळजवळ शून्य.

---

कथलाचा_वाळा | सोमवार, रात्री १२:०४

सापडलं. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. नेमकं उलटं. आराखडा २एन साठी काढलेला, तुम्ही त्यात बीसी घातलात, त्यामुळे ट्रान्झिस्टर उलटा जोडला गेलाय. उलटा ट्रान्झिस्टर अगदी मरत नाही, थोडंफार काम करतो, पण गेन नगण्य, आणि वर गिटारवर भार टाकतो. म्हणून पातळ आवाज.

काढा, १८० अंशांत फिरवून बसवा. कलेक्टरवर ४ ते ५.५ मध्ये काहीतरी दिसलं पाहिजे.

‘चालेल’ असं लिहिणाऱ्याने गेनपुरतं बरोबर लिहिलं, पायांचं लिहायचं राहिलं. बदली भाग घेताना किंमत, गेन, व्होल्टेज सगळे बघतात. पाय बघत नाहीत. मी मेटल कॅनच्या बीसी१०९ ला एकदा असाच फसलो होतो आणि अख्खी संध्याकाळ जॅक बदलत बसलो होतो. जॅक! त्याचा काहीही दोष नव्हता.

---

बेसुरा | सोमवार, रात्री १२:४०

५.१ व्होल्ट!!!

वाजला. शेजारच्या खोलीतून आरडाओरडा झाला इतका वाजला. ट्यूबचा अ‍ॅम्प नाही माझ्याकडे, पण ओव्हरड्राइव्हच्या मोबाइल अ‍ॅपसमोर लावला तर तोही पेटला. वाळेकाका, नवव्होल्टताई, खर्जदादा, तिघांनाही साष्टांग.

---

झिणझिण्या | सोमवार, सकाळी ९:१२

अभिनंदन!! मी पण बूस्टरच करते आधी. अवांतर : अडॅप्टर कुठला चालेल? घरात मोबाइलचे चार्जर ढीगभर आहेत.

---

नवव्होल्ट | सोमवार, सकाळी १०:२६

मोबाइलचा नको, तो ५ व्होल्टचा आणि त्यात बारीक किरकिर असते, ती थेट अ‍ॅम्पमध्ये ऐकू येते. ९ व्होल्ट डीसी, मधला पिन ऋण, २.१ मिलिमीटरचा, पेडलसाठीचा घ्या. इतर उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये मधला पिन बहुधा धन असतो, म्हणून डीसी जॅकच्या पुढे एक १एन५८१७ डायोड उलट जोडणीपासून वाचवायला घाला. नगाला काहीच पडत नाही. आणि पहिली चाचणी नेहमी बॅटरीवर. काही चुकलं तर बॅटरी गरम होते, अडॅप्टर मात्र धूर काढतो.

---

बेसुरा | गुरुवार, रात्री ८:५५

शेवटचा प्रश्न, मग ओव्हरड्राइव्ह सुरू करतो. डबीला भोकं पाडली : पॉटला ७ मिलिमीटर, फूटस्विचला १२, जॅकला साडेनऊ. स्विच मस्त बसला. पॉट मात्र सपाट बसत नाही, तिरका राहतो. बघितलं तर पॉटच्या तोंडावर बाजूला एक छोटा पत्र्याचा दात आहे, तो डबीला टेकतो. त्याच्यासाठी वेगळं भोक पाडायचं असतं का? यादीत तर कुठेच नाही.

---

खर्ज | गुरुवार, रात्री ९:०३

पकडीने मोडून टाका.

---

कथलाचा_वाळा | गुरुवार, रात्री ९:१०

मोडून टाका. सगळे तेच करतात. फक्त नट बोटांनी नाही, पान्याने आवळा, नाहीतर महिन्याभरात पॉट नॉबसकट गरागरा फिरेल.